विश्लेषण : लाजाळूला स्पर्श कळतो कसा? जगदीशचंद्र बोस यांचे काय खरे ठरले?

लाजाळूच्या पानाला बोट लावले की ते क्षणात मिटते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण बोटाचा दाब पेशीला कळतो कसा, आणि त्याची वर्दी देठापर्यंत पोहोचते कशी? या प्रश्नामागे जगदीशचंद्र बोस यांनी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे घालवली. त्यासाठी विद्युतचुंबकीय लहरींच्या संशोधनात मिळवलेले नाव त्यांनी मागे सोडले आणि लंडनमधील जाणकारांचा विरोधही पत्करला.

सुरुवात कशी झाली?

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरीही मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेतच घातले. तिथे शेतकऱ्या-कोळ्यांच्या मुलांबरोबर वाढताना झाडाझुडपांची ओढ लागली. पुढे ते कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण सुरू केले, पण प्रकृतीमुळे ते सोडावे लागले आणि त्यांनी केंब्रिज गाठले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. भारतीय प्राध्यापकांना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार मिळे. निषेध म्हणून त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही, मात्र शिकवणे थांबवले नाही. अखेर पूर्ण वेतन थकबाकीसह मिळाले.

भौतिकशास्त्रातून वनस्पतींकडे का वळले?

१८९० च्या दशकात ते अतिलघू विद्युतचुंबकीय लहरींवर काम करत होते. या लहरी टिपणारे धातूचे उपकरण सतत वापरले की मंदावते आणि विश्रांती दिली की पुन्हा नीट चालते, असे त्यांना आढळले. थकलेल्या स्नायूसारखेच हे वागणे होते. मग सजीव-निर्जीवाच्या सीमेवर असलेल्या वनस्पतींचे काय, असा प्रश्न त्यांना पडला.

त्यांनी गाजर, मुळा, सलगम अशा साध्या भाज्या घेतल्या. त्यांना विजेच्या तारा जोडल्या आणि देठाला हलकासा पीळ किंवा टिचकी दिली. प्रत्येक धक्क्याला विद्युतमापकाचा काटा हलला. क्लोरोफॉर्म दिल्यावर प्रतिसाद मंदावला, विषाने तो थांबला. स्पर्शाला दाद देणे ही फक्त लाजाळूची खासियत नसून सगळ्याच वनस्पतींच्या पेशींचा गुण आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

लंडनमध्ये विरोध का झाला?

जून १९०१ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे हे प्रयोग मांडले. ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन बर्डन-सँडरसन यांनी आक्षेप घेतला. कीटकभक्षी वनस्पतीत स्पर्शानंतर वीज निर्माण होते, हे त्यांनी स्वतःच १८७३ मध्ये दाखवले होते. पण साध्या भाजीपाल्यातही ती असते, हे त्यांना मान्य नव्हते. बोस यांचा निबंध छापला गेला नाही. त्यांनी माघार घेतली नाही. १९०२ मध्ये लिनियन सोसायटीने हे काम स्वीकारले आणि त्याच वर्षी त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला.

कोणती उपकरणे घडवली?

बोस यांनी कोलकात्यातील कारागिरांकडून यंत्रे बनवून घेतली. लाजाळूचे पान इतके हलके की, नोंद घेणाऱ्या लेखणीचे घर्षणही त्याला अडवते. म्हणून त्यांनी रेघेऐवजी ठिपक्या-ठिपक्यांनी नोंद करणारी, कंप पावणारी लेखणी तयार केली. त्यातून उद्दीपन देठात किती वेगाने पुढे सरकते, हे मोजता आले. क्रेस्कोग्राफ हे यंत्र रोपाची वाढ १० हजार पट मोठी करून दाखवत असे. नुसते घासल्यानेही वाढ मंदावते, हे त्यावर दिसले. यंत्राबद्दल शंका घेतल्या गेल्या, तेव्हा १९२० मध्ये लंडनमधील शास्त्रज्ञांनी ते पारखले आणि खरे असल्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. त्याआधी, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, त्यांनी कोलकात्यात बोस संस्था स्थापन केली होती.

आजचे विज्ञान काय सांगते?

पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. दाब किंवा ताण पडला की त्यातली काही उघडतात आणि विद्युतभारित कण आत-बाहेर होतात. पेशीचा विद्युतदाब बदलतो आणि हा बदल शेजारच्या पेशींकडे सरकतो. लाजाळूत तो देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीपर्यंत जातो. तिथल्या पेशींतून पोटॅशियम व क्लोराइड बाहेर पडतात, मागोमाग पाणीही जाते. गाठीची एक बाजू ढिली पडते आणि पान मिटते. काही मिनिटांनी पाणी परतले की ते पुन्हा उघडते.

माणसातही हेच तत्त्व चालते. आर्डेम पॅटापुटियन यांच्या गटाने २०१० मध्ये पायझो ही दाब ओळखणारी प्रथिने शोधली. मूत्राशय भरल्याची जाणीव आणि रक्तदाबाचे नियमन यांत त्यांचा वाटा आहे. या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले.

लाजाळू हे सगळे कशासाठी करते, याचे उत्तर जपानमधील संशोधकांनी २०२२ मध्ये दिले. पान मिटू न शकणारी लाजाळू त्यांनी तयार केली, तर किड्यांनी ती जास्त खाल्ली.

बोस कुठे चुकले?

झाडात पाणी वर चढते ते जिवंत पेशींच्या स्पंदनामुळे, असे ते मानत. हे टिकले नाही. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाची ओढ हे त्याचे मान्य स्पष्टीकरण आहे. लाजाळूतील निरोप केवळ विजेने जातो, हा आग्रहही अपुरा ठरला. पानाला जखम झाली तर पाण्याच्या प्रवाहातून जाणारी रसायनेही तो पोहोचवतात. पण स्पर्शाचे विजेत रूपांतर होते, हा त्यांचा गाभ्याचा मुद्दा खरा ठरला.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी, आज झारखंडमध्ये असलेल्या गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. दाबाने उघडणारी पेशीतली दारे तेव्हा कोणालाच माहीत नव्हती. त्या दारांमागून येणारी वीज मात्र बोस यांनी गाजर-मुळ्यात कधीच मोजून ठेवली होती.