एल्साची आई

२०२४ साली आमच्या वसईच्या किल्ल्यात बिबट्या आला होता. तो पकडला जाईपर्यंत महिला मंडळात दुसरा विषयच नसायचा. तेव्हा एकीनं विचारलं होतं, बिबट्याचं अनाथ पिल्लू सापडलं तर घरी वाढवून परत सोडता येतं का? मला एकदम जॉय अॅडमसन आठवली.

तिचा जन्म १९१० चा, आज झेक देशात असलेल्या ओपावा गावातला. १९३७ मध्ये ती आफ्रिकेत केनियाला गेली आणि तिथलीच झाली. दोन लग्नं मोडली होती, मूलबाळ नव्हतं. तिथली फुलं-झाडं आणि जमातींची माणसं यांची तिनं शेकडो चित्रं काढली. १९४४ मध्ये जॉर्ज अॅडमसनशी तिसरं लग्न केलं. तो वन्यप्राण्यांच्या खात्यात वॉर्डन. बाई तापट आणि हट्टी, त्यामुळे हा संसारही काही गोडीगुलाबीचा नव्हता.

फेब्रुवारी १९५६ मध्ये अंगावर धावून आलेल्या सिंहिणीला जॉर्जनं गोळी घातली. मागाहून कळलं, ती पिल्लांपायी धावली होती. कपारीत तीन बछड्या होत्या, अवघ्या काही दिवसांच्या. जॉयनं त्यांना बाटलीनं दूध पाजून जगवलं. जरा मोठ्या झाल्यावर दोघींची रवानगी हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात झाली. सगळ्यात धाकटी एल्सा जॉयकडेच राहिली. जॉयचा अंगठा चोखत बसायची ती, अगदी तान्ह्या बाळासारखी!

एल्सालाही पिंजऱ्यात पाठवणं सोपं होतं. जॉयनं मात्र तिला रानात सोडायचं ठरवलं. मला या बाईचं मोठेपण इथेच दिसतं. दूध काय, आपण कुणीही पाजू. पण शिकार करायला सिंहीण शिकवते, ते माणसानं कसं शिकवायचं? दोघं तिला दूर रानात सोडून यायची, काही दिवसांनी जाऊन बघायची. ही आपली उपाशीपोटी त्यांचीच वाट बघत बसलेली. जॉयच्या जिवाची काय घालमेल होत असेल! पहिल्या जागी एल्सा आजारीच पडली. मग तिच्या मूळ मुलखाकडे, मेरूच्या बाजूला नेलं. तिथे ती हळूहळू स्वतः शिकार करू लागली. रानातल्या सिंहाशी तिची जोडी जमली, डिसेंबर १९५९ मध्ये तीन पिल्लं झाली आणि पुढे लेकुरवाळी एल्सा माहेरी यावं तशी पिल्लांना घेऊन जॉयकडे आली. जॉयनं मात्र त्या पिल्लांना माणसाळवायचं नाही हे ठरवून टाकलं होतं. १९६० मध्ये आलेलं तिचं ‘बॉर्न फ्री’ हे पुस्तक जगभर गाजलं, त्यावर सिनेमाही निघाला.

जानेवारी १९६१ मध्ये एल्सा गोचिडीमुळे होणाऱ्या तापानं गेली. जेमतेम पाच वर्षांची होती. पोरकी पिल्लं गावातली गुरं मारू लागली, लोक चिडले. शेवटी त्यांना पकडून सेरेंगेटीच्या जंगलात सोडावं लागलं.

आपल्याकडेही हे किती अवघड आहे ते दिसलंच. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली. तिची बछडी पेंचमध्ये वाढवून मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडली. काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि मेली. म्हणून तर जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली, की वनखातं ती शक्यतो संध्याकाळी त्याच शेतात ठेवतं. रात्री आई येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. तेव्हा असं पिल्लू दिसलं तर कौतुकानं उचलून घरी आणू नका गं, लगेच वनखात्याला कळवा.

जॉय मात्र थांबली नाही. एल्सानंतर तिनं पिप्पा ही चित्त्याची मादी आणि पेनी ही बिबट्याची मादी रानात सोडली. ३ जानेवारी १९८० ला शाबाच्या जंगलात तिचा मृतदेह सापडला. आधी वाटलं सिंहानं मारलं. नंतर उघड झालं की तो खून होता, आणि तिच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या माणसाला शिक्षा झाली. जॉर्जलाही १९८९ मध्ये लुटारूंनी गोळ्या घातल्या. जॉयची रक्षा मेरूच्या रानात, एल्सा आणि पिप्पाच्या थडग्यांत ठेवली आहे.