समुद्राला शाळा करणारा शिक्षक

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपण सहसा आणखी अभ्यास देतो. शिकवणी वाढते, खेळ बंद होतो आणि आपल्याला काही जमतच नाही, ही त्याची समजूत मात्र घट्ट होत जाते. अशा मुलाच्या हाती आधी शिडाचा दोर द्यावा, असे मानणारा एक शिक्षक गेल्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव कुर्ट हान.

हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. अठराव्या वर्षी त्यांना उन्हाचा असा जबर तडाखा बसला की, पुढे बराच काळ अंधाऱ्या खोलीत काढावा लागला. कडक उन्हाचा त्रास त्यांना जन्मभर राहिला. रुंद काठाची टोपी ही त्यांची ओळखच झाली. ऑक्सफर्डला शिकत असताना उन्हाळ्यात ते स्कॉटलंडच्या मोरे या थंड किनारपट्टीवर जाऊन राहत. शरीर अडले म्हणजे माणूस संपला असे नाही, हे त्यांनी आधी स्वतःवरच पडताळून पाहिले होते.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, बाडेनचे राजपुत्र मॅक्स यांच्यासह त्यांनी दक्षिण जर्मनीत सालेम येथे शाळा काढली. १९३२ साली नाझी टोळीने एका मजुराचा त्याच्या आईदेखत खून केला आणि हिटलरने खुन्यांची बाजू घेतली. तेव्हा हान यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवून सालेम किंवा हिटलर यांपैकी एकाची निवड करायला सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी रदबदली केल्यावर ते सुटले आणि देश सोडून ब्रिटनला गेले.

१९३४ मध्ये ओळखीच्या मोरे किनाऱ्यावर त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. जवळच्या होपमन बंदरात मुले होड्या हाकायला शिकू लागली. पुढे ब्रिटनच्या राणीचे पती झालेले फिलिप हे तिथल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक. तरुणांची तंदुरुस्ती, स्वतःहून काही करण्याची वृत्ती, कौशल्य, शिस्त आणि करुणा घटत चालली आहे, असे हान यांचे निदान होते. त्यावर त्यांनी उपाय सुचवले ते असे: व्यायाम, मोहीम, हाताने करायचे काम आणि इतरांची सेवा.

दुसऱ्या महायुद्धात या विचाराची कसोटी लागली. जहाजे बुडवली जात होती, खलाशी जीवरक्षक होड्यांत उतरत होते. धडधाकट तरुण तिथे हाय खातात आणि शिडाच्या जहाजांवर उमेदवारी केलेले वयस्क खलाशी मात्र तग धरतात, असे ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांचे मत झाले होते. होल्ट यांनी पाठबळ दिले आणि १९४१ साली वेल्समधील ॲबरडोव्ही येथे सुमारे महिनाभराचे प्रशिक्षण सुरू झाले. त्याचे नाव आउटवर्ड बाउंड, म्हणजे बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेले जहाज. तिथे जहाजावरचे उमेदवार येत, तसेच कारखान्यांतली आणि शाळांतली मुलेही येत. सगळ्यांना खलाशी करणे हा हेतू नव्हता. समुद्र हे फक्त निमित्त होते.

होडीत असे काय घडते? मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की, आपल्याला हे जमेल हा विश्वास कौतुकाच्या शब्दांपेक्षा स्वतः पार पाडलेल्या कामातून जास्त पक्का होतो. होडीत हे लगेच दिसते. सुकाणू चुकीचे वळले तर शीड फडफडू लागते आणि वेग पडतो. नीट वळले तर होडी सरसर पुढे जाते. निकालासाठी परीक्षेची वाट पाहावी लागत नाही. चूक होते, पण तिच्यावर लाल शाईचा शेरा बसत नाही. ती तिथल्या तिथे सुधारता येते. शिवाय दोर धरणाऱ्यावर सगळ्यांची भिस्त असते. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्याला आपल्यावाचून अडते, हा अनुभव बहुधा प्रथमच येतो.

१९९७ साली अशा साहसी प्रशिक्षणांवरील ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. आत्मविश्वास आणि स्वतःवरचा ताबा यांत सुधारणा दिसली आणि ती शिबिरानंतरही टिकली. मात्र शिबिराशिबिरात मोठा फरक होता. अधिक दिवसांच्या शिबिरांचा परिणाम जास्त होता. दोन दिवसांच्या सहलीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, हा त्याचा सरळ अर्थ.

मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. फिलिप ज्या शाळेत रमले, तिथे त्यांचे पुत्र चार्ल्स फारसे सुखी नव्हते. एकच साहस प्रत्येकाला मानवत नाही आणि सक्तीने भीती वाढू शकते. वाचन-लेखनाची अक्षमता किंवा नैराश्य असेल तर तपासणी आणि उपचार हवेतच. होडी त्यांची जागा घेत नाही. पाण्यात उतरताना अंगावर जीवरक्षक जाकीट आणि सोबत प्रशिक्षित शिक्षक, यात तडजोड नको.

हान यांचे १४ डिसेंबर १९७४ रोजी सालेमजवळ निधन झाले. त्याआधी, १९६२ मध्ये, त्यांच्या कल्पनेतून वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उभे राहिले. त्याच परिवारातले एक महाविद्यालय १९९७ पासून पुण्याजवळ मुळशी परिसरात आहे. तिथे समुद्र नाही, सह्याद्री आहे. हान यांना त्याने फरक पडला नसता. मुलाला झेपेल एवढे, पण खरेखुरे अवघड काम द्यावे आणि ते त्याचे त्यालाच पार पाडू द्यावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.