बुगाटी पळवणारे जेआरडी नागपूरच्या रात्रीच्या विमानाला मात्र नको म्हणत होते

फेरारी भारी की पोर्शे? धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर बसलेली पोरं असोत नाहीतर कॉलेजच्या हॉस्टेलवरची, हा वाद एकदा सुरू झाला की लवकर मिटत नाही. एक जण मोबाईलवर ० ते १०० चा आकडा काढतो, दुसरा जर्मनीतल्या नुरबर्गरिंग ट्रॅकचा लॅप टाइम दाखवतो. हा ट्रॅक २० किलोमीटरहून लांब आहे. तिथे कोणत्या गाडीने किती मिनिटांत फेरी मारली, यावर कंपन्या आपली गाडी विकतात.

पण त्या आकड्यात टायर कोणते होते, हवा कशी होती, ड्रायव्हर कोण होता, हे सगळं लपलेलं असतं. म्हणजे नुसता आकडा बघून कोण भारी ते कळत नाही. काय मोजलं आणि कशासाठी मोजलं, हेही बघावं लागतं.

ही गोष्ट ज्याला फार आधी कळली होती असा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. तरुणपणी तो मुंबईच्या रस्त्यावर बुगाटी पळवायचा. पुढे देशाची विमानसेवा त्याने उभी केली. आणि याच वेगवेड्या माणसाने नागपूरला रात्री विमानं उतरवायला विरोध केला होता.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. म्हणजे आपले जेआरडी.

२९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रतनजी दादाभॉय म्हणजे जमशेदजी टाटांच्या नात्यातले आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाचं गाव आहे, तिथे कुटुंब सुट्टीला जायचं. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा पहिला माणूस, लुई ब्लेरिओ, याचं घरही तिथेच होतं. साहजिकच विमानं बघत बघतच पोरगं मोठं झालं. पंधराव्या वर्षी विमानात पहिली चक्कर मारली आणि ठरवून टाकलं, आपण पायलट व्हायचं.

फ्रेंच सैन्यात एक वर्ष काढून ते भारतात आले आणि १९२५ मध्ये टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले. बाविशीच्या आसपासचा पोरगा, डोक्यावर जबाबदारी, आणि हाताखाली बुगाटी.

आता ही बुगाटी म्हणजे त्या काळात काय प्रकरण होतं, ते समजून घेऊया.

१९२० च्या दशकात युरोपात दोन विचारांच्या गाड्या एकमेकींना भिडत होत्या. एका बाजूला इंग्लंडची बेंटली. दणकट, अवजड, मोठ्या इंजिनाची. दुसऱ्या बाजूला एत्तोरे बुगाटी यांची गाडी. लहान इंजिन, हलकं शरीर, वळणावर चपळ. बुगाटीची टाइप ३५ ही रेसची गाडी १९२४ मध्ये लिओंच्या ग्रां प्रीमध्ये पहिल्यांदा उतरली. दोन लिटरहून किंचित कमी इंजिन, आठ सिलिंडर, ॲल्युमिनियमची चाकं. पण त्या दिवशी टायरांनी घात केला आणि शर्यत अल्फा रोमिओने मारली.

गाडी वाईट म्हणून कुणी सोडून दिली असती. पण पुढच्याच वर्षापासून सिसिलीच्या डोंगराळ रस्त्यांवर होणारी टार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीने सलग पाच वर्षं जिंकली, १९२५ ते १९२९. आणि बेंटली? तिने ल मांची २४ तासांची शर्यत १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं जिंकली.

मग भारी कोण? डोंगरातल्या वळणांवर बुगाटी. दिवसरात्र न थांबता पळायचं असेल तर बेंटली. शर्यत बदलली की उत्तर बदलत होतं.

१९३० च्या सप्टेंबरमध्ये फ्रेंच ग्रां प्रीला पो शहराजवळच्या रस्त्यांवर या दोघी समोरासमोर आल्या. बुगाटी घेऊन फिलिप एतांसलँ पहिला आला. त्याच्या मागे दुसरा कोण, तर टिम बर्किन, बुगाटीच्या जवळपास दुप्पट वजनाची बेंटली घेऊन. हलकी गाडी जिंकली खरी, पण अवजड बेंटलीने बाकी सगळ्यांना मागे टाकलं होतं.

इकडे मुंबईत जेआरडींची बुगाटी रस्त्यावरून सुसाट जायची. एकदा बेफाम गाडी चालवल्याचं प्रकरण अंगाशी आलं. वकील गाठले जॅक विकाजी. त्यांच्याकडे जाता जाता त्यांची पुतणी थेल्मा भेटली. १९३० च्या डिसेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं. खटल्यापायी बायको मिळाली असं हे उदाहरण.

पण त्याआधी, त्याच वर्षी, त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत होऊन गेली होती. ती रस्त्यावर नव्हती, आकाशात होती.

१० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडींना विमान चालवायचा परवाना मिळाला. भारतात दिलेला पहिला परवाना, क्रमांक १. त्याच वर्षाच्या शेवटी आगाखानांनी बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड.

तीन जण रिंगणात उतरले. मनमोहन सिंग, ॲस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. ॲस्पी अवघ्या सतरा वर्षांचे होते. ते इंग्लंडहून भारताकडे निघाले. जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून इंग्लंडकडे निघाले. दोघांकडेही विमान एकाच जातीचं, जिप्सी मॉथ. लाकूड आणि कापडाचं, उघड्या कॉकपिटचं.

विमान सारखं, अंतर सारखं. पण दिशा उलटी. जो वारा एकाला ढकलतो तोच दुसऱ्याला अडवतो. त्यामुळे ही बरोबरीची शर्यत म्हणायची की नाही, हा प्रश्न तेव्हाही होता.

तर झालं असं, की वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरच्या विमानतळावर जेआरडी उतरले, तर तिथे ॲस्पी अडकून पडलेले. स्पार्क प्लग खराब झालेले आणि जादाचे जवळ नाहीत. जेआरडींकडे जादाचे होते.

त्यांनी ते देऊन टाकले.

ॲस्पी उडाले, ११ मे ला कराचीला पोहोचले आणि बक्षीस जिंकले. जेआरडी काही तासांनी मागे राहिले. मनमोहन सिंगांनीही प्रवास पूर्ण केला, पण ठरलेल्या मुदतीत नाही. पुढे ॲस्पी इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला हवाई दलाचं शिक्षण घ्यायला गेले आणि १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या दिवशी प्लग मिळाले नसते तर काय झालं असतं, ज्याने त्याने विचार करावा.

या पराभवानंतर जेआरडींनी शर्यतीचा नाद सोडला, पण घड्याळ सोडलं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला छोट्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन ते कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंत टपाल नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. रेडिओ नाही, धावपट्टीवर दिवे नाहीत. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा. तरीही पहिल्या वर्षभरात टपाल वेळेवर पोहोचण्याचं प्रमाण १०० टक्के होतं. सगळ्यात वेगवान विमान त्यांच्याकडे नव्हतंच. ठरल्या वेळी पोहोचणारं होतं.

१९३८ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. म्हणजे नागपूरची एम्प्रेस मिलही त्यांच्या अखत्यारीत आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजींनी सुरू केलेल्या याच मिलमध्ये रिंग पद्धतीच्या चात्यांची नवी यंत्रं जुन्या यंत्रांच्या बरोबरीने चालवून पाहिली गेली होती. जाहिरातीवर विसंबायचं नाही, दोन्ही यंत्रं आपल्या कामावर लावायची आणि मग ठरवायचं, ही या घराण्याची जुनीच सवय.

आता येऊया मूळ मुद्द्यावर. नागपूर.

स्वातंत्र्यानंतर दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. त्यांच्या डोक्यात एक योजना आली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघेल. चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगावला उतरतील. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होईल आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत.

गणित बघा. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात, म्हणजे जाऊन-येऊन बारा उड्डाणं. नागपूर मध्ये धरलं की चार विमानांत आणि आठ उड्डाणांत काम होतं. चारही शहरं नागपूरपासून हवाई अंतराने साधारण ७०० ते १००० किलोमीटरच्या आत. विमानं होती युद्धातून उरलेली डाकोटा, ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाणारी. तरी संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात.

मग जेआरडींचा विरोध कशाला?

त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्या विमानतळांवर रात्री उतरवायची साधनं पुरेशी नाहीत. विमान कंपन्या आधीच तोट्यात आहेत. अशा वेळी अंधारात रोज चार विमानं एका ठिकाणी आणायची म्हणजे वैमानिकांचा आणि प्रवाशांचा जीव पणाला लावणं. स्वतः रेडिओविना विमान उडवलेला माणूस हे बोलत होता. पण एकट्याने स्वतःचा जीव धोक्यात घालणं वेगळं आणि तिकीट काढून बसलेल्यांचा घालणं वेगळं, हा फरक ते करत होते.

किडवई मागे हटले नाहीत. ३० जानेवारी १९४९ ला सेवा सुरू झाली. ती दुसऱ्या कंपन्यांनी चालवली, त्यात हिमालयन एव्हिएशन आणि डेक्कन एअरवेज होत्या. त्याच वर्षी एप्रिलपासून साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागली. १९५३ मध्ये विमानसेवांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि रात्रीचं टपाल इंडियन एअरलाइन्सकडे गेलं. दोन दशकांहून जास्त काळ देश झोपलेला असताना सोनेगाव जागं असायचं.

म्हणजे किडवई जिंकले आणि जेआरडी हरले?

१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासला निघालेलं डाकोटा उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिन बंद पडून कोसळलं. १३ जण गेले. यावरून जेआरडीच बरोबर होते असंही म्हणता येत नाही, कारण दोष इंजिनाचा होता, विमानतळावरच्या दिव्यांचा नव्हता. पण धोका कागदावरचा नव्हता, हे त्या पहाटेने दाखवून दिलं.

खरं तर दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत होते. पत्र किती तासांत पोहोचतं ते किडवई बघत होते. शंभरातली किती उड्डाणं सुखरूप उतरतात ते जेआरडी बघत होते. बेंटली आणि बुगाटीचंच भांडण, फक्त इथे पैज चषकाची नव्हती.

जेआरडींचा वेगाचा ओढा म्हातारपणीही गेला नाही. कराची-मुंबई उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने विमान चालवत केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना आई-वडिलांच्या शेजारी ठेवलं गेलं.

सोनेगावचा तो विमानतळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखला जातो. त्याला लागूनच मिहानमध्ये एअर इंडियाच्या विमानांच्या देखभालीचं केंद्र आहे. तिथे मोठाली बोइंग विमानं उघडून एकेक भाग तपासला जातो. जेआरडींची एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे परत आली. आणि जी काळजी घ्या म्हणून ते १९४९ मध्ये भांडत होते, ती घेण्याचं एक मोठं ठिकाण नेमकं नागपुरात उभं आहे.