नान्सेन यांचे पारपत्र

आश्रय म्हटला की अन्न, वस्त्र आणि डोक्यावरचे छप्पर एवढेच सामान्यतः डोळ्यांसमोर येते. परंतु आपण कोण, हे सांगणारा कागद ज्याच्यापाशी नाही, तो छप्पर मिळूनही निराश्रितच राहतो. पहिल्या महायुद्धानंतर हे सत्य ज्यांनी नेमके ओळखले, ते फ्रिट्यॉफ नान्सेन कायदेपंडित नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ आणि ध्रुवप्रदेशाचे संशोधक होते.

१८६१ मध्ये नॉर्वेत जन्मलेल्या नान्सेन यांनी १८८८ मध्ये ग्रीनलंडचा हिमप्रदेश ओलांडला. १८९५ मध्ये ते उत्तर ध्रुवाच्या दिशेने तोवर कोणीही गेले नव्हते इतके दूर पोचले. पुढे स्वतंत्र नॉर्वेचे लंडनमधील राजदूत झाले. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्यांच्यावर युद्धकैद्यांना मायदेशी पोचविण्याचे काम सोपविले. अपुऱ्या पैशांत त्यांनी चार लाखांहून अधिक कैदी घरी पाठविले.

पुढचा प्रश्न अधिक बिकट होता. क्रांती व यादवी यांमुळे दहा लाखांहून अधिक रशियन देशोधडीला लागले होते. १९२१ च्या डिसेंबरात सोव्हिएत सरकारने त्यांतील बहुसंख्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. साहजिकच त्यांना सरहद्द ओलांडता येईना आणि जेथे काम होते तेथे जाता येईना. १९२२ मध्ये नान्सेन यांनी त्यांच्यासाठी ओळखपत्राची योजना मांडली आणि पन्नासाहून अधिक सरकारांनी ती कालांतराने मान्य केली. पुढे आर्मेनियनांनाही तिचा लाभ मिळाला. पारपत्रावर लावायच्या पाच सुवर्ण फ्रँकांच्या तिकिटांचे उत्पन्न गरजू निर्वासितांच्या साहाय्यासाठी वापरले जाई. १९२५ पासून काही वर्षे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या लोकांना काम मिळवून देण्याची जबाबदारी घेतली. महायुद्धात मनुष्यबळ गमावलेल्या फ्रान्सला कामगार हवेच होते. म्हणजे निर्वासित हा केवळ खर्चाचा विषय नसून उत्पादक श्रमशक्तीही आहे, हे या योजनेत गृहीत होते.

मात्र या पारपत्राने नागरिकत्व मिळत नव्हते. प्रारंभी तर ज्या देशाने ते दिले, तेथे परतण्याचा हक्कही नव्हता. शिवाय १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान करारानुसार झालेल्या लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीला नान्सेन यांचा पाठिंबा होता. तिच्यामुळे पंधरा लाखांहून अधिक माणसांची पिढीजात घरे सुटली. प्रत्यक्षात त्यांतील अनेकांनी आधीच पळ काढला होता, हे खरे. तरीही ज्यांनी निराधारांना हिंडण्याची मोकळीक मिळवून दिली, त्यांनीच येथे सक्तीच्या स्थलांतराला मान्यता दिली, हा विरोधाभास झाकता येत नाही.

१९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी मदतकार्याकडे वळविली. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराने प्रवासाच्या कागदपत्रांची तरतूद केली, तिचे मूळ नान्सेन यांच्या या योजनेत आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. पण आश्रय मागणाऱ्यांना आपण अनेकदा जागा दिली आहे. जागा दिल्यानंतर त्यांना उजळ माथ्याने काम करता येते काय आणि जाऊन परत येता येते काय, हे पाहणे नान्सेन यांनी घालून दिलेल्या कसोटीला धरून होईल.