आखाडा आणि रंगमंदिर उभारणारा राजा

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरफटका मारतो, नवा राजवाडा पाहतो आणि परततो. मंदिरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कुस्तीचे खासबाग मैदान आणि त्याला लागूनच एक दगडी नाट्यगृह आहे, तिकडे तो वळतोच असे नाही. एका बाजूला लाल मातीचा हौदा आणि दुसऱ्या बाजूला रंगमंच असा शेजार सहसा कुठे आढळत नाही. हा शेजार ज्याच्या मनात आला तो राजा स्वतः मातीत उतरणारा पैलवान होता आणि तरुणपणी त्याने लंडन, रोमसारखी महानगरे डोळे उघडे ठेवून पाहिली होती. राजर्षी शाहू छत्रपती समाजसुधारक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी घडविलेले रसिकांचे कोल्हापूर मात्र त्या थोर कार्याच्या सावलीत थोडे मागेच राहिले आहे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. तीन वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक म्हणून त्यांची निवड झाली आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांनी वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेबही निवर्तले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इतिहास, राज्यकारभार, इंग्रजी हे सारे त्यात होतेच. शिवाय हिंदुस्थानभरचा प्रवासही होता. पाहून शिकण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी. २ एप्रिल १८९४ रोजी, विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

हाती आलेले कोल्हापूर तोवर कात टाकू लागले होते. चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाने काळ्या दगडात टाऊन हॉल आणि नवा राजवाडा उभारला होता. राजवाड्याच्या मनोऱ्यावर घड्याळ होते, कमानींवर देशी-विदेशी शैलींचा मेळ होता. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. या इमारती देखण्या होत्या, पण त्यांची शोभा सामान्य माणसाने बहुधा बाहेरूनच न्याहाळायची. राजवाड्यातल्या मैफलीचे निमंत्रण सरदार-मानकऱ्यांना असे. गावोगावच्या नाटक मंडळ्या येत आणि जागा मिळेल तिथे मांडव घालून खेळ करीत. ध्वनिक्षेपक नव्हते, विजेचे दिवे नव्हते. पुढे बसणाऱ्याला नट दिसे आणि मागच्याला पुढच्याचा फेटा!

कारभार हाती येताच दुष्काळ आणि प्लेग यांनी रयतेची परीक्षा पाहिली. त्यातच १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे महाराजांच्या ध्यानात आले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसालाही जन्मावरून पायरी दाखविली जाते, याचा तो प्रत्यय होता. पुढचे वेदोक्त प्रकरण सर्वपरिचित आहे. इथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच, की कोणी कुठे बसावे आणि कोणी कुठवर यावे, हा प्रश्न त्यानंतर या राजाच्या मनातून कधी गेला नाही.

अशा मनःस्थितीत १९०२ चा युरोप दौरा झाला. सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी महाराज लंडनला गेले. समारंभ ठरला होता २६ जूनला; योगायोग असा, की तो महाराजांचा वाढदिवस. पण ऐनवेळी बादशहांच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा ऑगस्टवर गेला. या दौऱ्यात केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना सन्माननीय पदवी दिली. इंग्लंडपुरतेच न थांबता त्यांनी युरोपातील इतर शहरेही पाहिली. रोममधील कलोसियमचे दोन हजार वर्षांपूर्वीचे भग्न वर्तुळ त्यांच्या मनात ठसले, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कलोसियमच्या रक्तरंजित इतिहासाशी त्यांना कर्तव्य असण्याचे कारण नव्हते. हजारो माणसे एका गोलात बसतात आणि प्रत्येकाला मधली जागा सारखीच दिसते, ही त्यातली युक्ती मात्र पैलवान राजाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

महाराज परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा आदेश निघाला. हिंदुस्थानच्या सामाजिक इतिहासाला वळण देणारा हा आदेश आणि कलोसियमची ती फेरी एकाच वर्षातली आहे. दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा हे खरे. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहायला हरकत नसावी.

परतल्यावर लगेच काही घडले नाही. भोगावतीवरील धरण, शाहूपुरीची बाजारपेठ, कापड गिरणी, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे यांत राज्याचा पैसा आणि राजाचा वेळ जात होता. १९०७ च्या सुमारास खासबागेत आखाड्याचे काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये ते पुरे झाले. मधोमध मातीचा गोल हौदा आणि सभोवती वर वर चढत जाणारा उतार, अशी ही रचना. छत नाही, खांब नाही, नक्षीकाम नाही. हजारो प्रेक्षक त्या उतारावर बसले, तरी सर्वांत वरच्या टोकाच्या शेतकऱ्याला डाव कुठला पडला ते स्पष्ट दिसते. आरंभीच्या कुस्त्यांत गामाचा भाऊ इमामबक्ष याच्यासारखा नामांकित मल्ल उतरला. पंजाबचे मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले आणि इथली पोरे त्यांच्याशी झोंबत तयार झाली. कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणतात, त्यात या उताराचा वाटा मोठा आहे.

आखाडा झाला आणि ऑक्टोबर १९१३ मध्ये त्याला लागूनच रंगमंदिराचा पाया घातला गेला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९१५ मध्ये, ‘पॅलेस थिएटर’ उभे राहिले. तिकडे युरोप महायुद्धात होरपळत असताना त्या युरोपात पाहिलेल्या नाट्यगृहांची आठवण जागविणारी ही वास्तू करवीरात आकाराला आली. दगडी भिंती, प्रशस्त रंगमंच, नजरेच्या आड येणाऱ्या खांबांना फाटा देणारे सभागृह आणि पडदे-देखावे हलविण्याची सोय या साऱ्यांचा त्यात विचार होता. ध्वनिक्षेपकाविना नटाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, हा त्या काळच्या बांधकामातील सर्वांत अवघड हिशेब. तो इथे इतका नेमका साधला, की पुढे कित्येक दशके गायक-नट या रंगमंचाचे नाव आदराने घेत राहिले.

इमारत बांधणे पैशाने साधते. तिच्यात घुमणारा आवाज कुठून आणायचा? तो या शहरात आधीच जमू लागला होता. १८९५ च्या सुमारास अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारात आले. एकेकाळी अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला होता. उरलेल्या आवाजाशी जुळवून घेत त्यांनी जी पेचदार, लयीशी झुंजणारी गायकी घडविली, ती जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरली. पाव शतकाहून अधिक काळ ते कोल्हापुरात राहिले. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांनी अंबाबाईच्या मंदिरात गायनसेवा केली. देवीसमोर मुसलमान गवयाने गावे याचे त्या शहराला अप्रूप वाटेनासे झाले, ही गोष्ट साधी नव्हे. देवल क्लबातल्या बैठकांत खाँसाहेबांच्या गायकीची चर्चा रंगे. कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मलेले गोविंदराव टेंबे याच वातावरणातले. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या.

महाराजांना रागदारीतले बारकावे किती उमगत, हा वादाचा विषय होऊ शकेल. त्यांचा पहिला जीव कुस्ती, शिकार आणि जनावरे यांवर होता. साथमारीच्या मैदानात हत्तींशी झुंज पाहण्यात ते रमत आणि खडखडा नावाची गाडी स्वतः हाकीत रानोमाळ हिंडत. गुणी माणूस ओळखण्याची नजर मात्र त्यांना अचूक लाभली होती. नारायण राजहंस नावाच्या कोवळ्या मुलाचे गाणे त्यांनी ऐकले. मुलाला ऐकू कमी येते हे कळताच त्याला मिरजेच्या डॉ. वॉन्लेस यांच्या इस्पितळात उपचारासाठी पाठविले. मिरजेतच १९०५ मध्ये तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकाराचे पद मिळाले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविणारे बंधू तर अस्सल कोल्हापूरचे. त्या पडद्यांवरून बाबूराव रुपेरी पडद्याकडे वळले, तेव्हा महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या पाठीशी महाराज उभे राहिले. १९२० च्या ‘सैरंध्री’ने तो विश्वास खरा ठरविला.

या साऱ्यांत केशवराव भोसले यांची कहाणी निराळी आहे. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेले केशवराव वडिलांच्या निधनानंतर पोटासाठी बालवयातच नाटक मंडळीत गेले. ‘शारदा’तील भूमिकेने त्यांचे नाव झाले. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी हुबळीत ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. शिक्षणाची वाट मिळाली नाही, तरी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी गाणे घेतले. त्यांचा स्वर असा धारदार, की खासबागेच्या उघड्या मैदानात, ध्वनिक्षेपकाविना, त्यांनी अफाट समुदायापुढे नाटक केल्याची आठवण कोल्हापूरकर अजून सांगतात. पैलवानांसाठी बांधलेल्या उतारावर बसून रयतेने नाट्यसंगीत ऐकावे, यात आखाडा आणि रंगमंच यांच्यातील भिंत त्या रात्रीपुरती उरली नव्हती.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. महाराजांनी ज्याच्या कानांवर उपचार करविले तो एक, आणि महाराजांच्या राजधानीत जन्मलेला तो दुसरा. प्रयोग होता टिळक स्वराज्य फंडासाठी. वेदोक्तापासून टिळक आणि महाराज यांच्यात केवढे वितुष्ट होते, हे आठवले म्हणजे कलावंत राजकारणाच्या भिंती किती सहज ओलांडतात याची गंमत वाटते. त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचा पुण्यात अंत झाला. वय अवघे एकतीस.

महाराजांचे अखेरचे पर्वही दुःखाने झाकोळलेले होते. १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. तरी कामाचा वेग मंदावला नाही. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पुढे सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास बंदी घालणारे आदेश निघाले. गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानासमोर खडखडा थांबवून महाराज चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावीत. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पार्थिव कोल्हापूरला आणून पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले.

आश्रयदाता गेल्यावर अल्लादिया खाँ मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये तेथेच निवर्तले. बाबूरावांच्या कंपनीत तयार झालेली माणसे बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर भालचंद्र पेंढारकरांनी चालविली. पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. राजवाड्याची खूण पुसून एका पोरक्या मुलाचे नाव तिथे लागले, हे महाराजांना आवडले असते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत, खुर्च्या यांची राख झाली; खासबागेकडील मंचालाही झळ पोचली. बातमी पसरताच माणसे रस्त्यावर धावली. त्यांत नट होते, तालीम करणारे हौशी होते, आखाड्यातले पैलवान होते, आणि केवळ कधीकाळी तिथे एखादे नाटक पाहिलेलेही होते. अनेकांना रडू आवरले नाही. उजाडली ती ९ ऑगस्टची सकाळ, केशवरावांच्या जयंतीची. महाराजांनी उभारलेल्या दगडी भिंती तेवढ्या धुरकटून उभ्या होत्या. नाट्यगृह होते तसेच पुन्हा बांधावे, ही मागणी त्या भिंतींसमोरूनच सुरू झाली आणि त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.