गिळणारा घास दाखवणारे वॉल्टर कॅनन

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठासारख्या रुग्णालयांत घास अडकणाऱ्या किंवा पाणी पिताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला बेरियमचे पांढरे द्रावण पाजून क्ष-किरण तपासणी केली जाते. अन्न श्वासनलिकेत शिरते काय, हनुवटी किती झुकवावी, पेय किती दाट असावे, हे त्यावरून ठरते. या तपासणीचे मूळ अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन यांच्या विद्यार्थिदशेतील प्रयोगांत आहे.

कॅनन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी विस्कॉन्सिन राज्यात झाला. १८९६ मध्ये ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, तेव्हा क्ष-किरणांच्या शोधाला जेमतेम वर्ष होत होते. प्राध्यापक हेन्री बोडिच यांच्या सूचनेवरून कॅनन आणि अल्बर्ट मोझर यांनी त्याच डिसेंबरात कुत्र्याच्या गळ्यातून उतरणारे बटण पडद्यावर पाहिले. हंसाच्या लांब मानेतून सरकणारे बिस्मथही त्यांना स्पष्ट दिसले. बिस्मथ विषारी ठरू शकत असल्याने १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट वापरात आले.

मांजर भेदरले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हेही कॅनन यांना पडद्यावरच दिसले. लढा किंवा पळा या प्रतिक्रियेच्या त्यांच्या संशोधनाचा धागा तेथून सुरू होतो. त्यांची कीर्ती मुख्यतः त्यावरच उभी आहे, आणि हंसाचा प्रयोग मात्र विस्मृतीत गेला.

किरणांपासून बचावाचे उपाय तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांच्या त्वचेला इजा झाली आणि नंतरच्या दीर्घ आजाराचा संबंधही त्या प्रयोगांशी जोडला जातो. १ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.