८० डॉलरची जुनी सायकल घेणारा विल्बर राईट विमानापर्यंत कसा पोहोचला?

१८९२ साल. अमेरिकेतल्या डेटन शहरात सायकलचं वेड लागलं होतं. ऑर्व्हिल राईटने १६० डॉलर मोजून नवीकोरी सायकल आणली. थोरल्या विल्बरचा हात जरा आखडता. त्याने लिलावात ८० डॉलरला जुनी उचलली.

त्याआधीची काही वर्षं विल्बर घरातच बसून होता. अठराच्या आसपास असताना बर्फावर हॉकी खेळताना तोंडावर काठी बसली, पुढचे दात गेले आणि येल विद्यापीठात शिकायचा बेतही बारगळला. आईला क्षय झाला होता. १८८९ मध्ये ती जाईपर्यंत तिचं सगळं त्यानेच केलं.

भावांचा तेव्हा छापखाना होता. पण ओळखीचे लोक सायकली दुरुस्तीला आणू लागले, म्हणून त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. मग गावात दुकानंच दुकानं झाली. टिकायचं कसं? १८९६ पासून ते स्वतःच सायकली बांधू लागले. नळ्या आणायच्या, झाळून फ्रेम जोडायची, हबही स्वतःच्या डिझाइनचा. 'व्हॅन क्लीव्ह' भारीतली, 'सेंट क्लेअर' स्वस्तातली. चालवताना डावं पायडल सैल होऊन निघायचं, म्हणून १९०० मध्ये त्यांनी त्याला उलट्या आट्या दिल्या. आजही तुमच्या सायकलच्या डाव्या पायडलला उलट्या आट्याच असतात, कधी खोलून बघा.

उडण्याच्या नादाचा खर्च याच दुकानातून निघायचा. १९०१ मध्ये त्यांचं ग्लायडर हिशोबाप्रमाणे वर उचललं जाईना. छापील तक्त्यांवरच विल्बरला शंका आली. मग त्यांनी सायकलच्या हँडलवर एक आडवं चाक बसवलं, त्यावर पंखाचा छोटा नमुना लावला आणि वारा मिळावा म्हणून जोरात सायकल हाणली! तेवढ्याने भागेना, तेव्हा लाकडी खोका करून त्यात पंख्याने वारा सोडला. आतला तराजू कशाचा? करवतीची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार. सुमारे २०० आकार त्यांनी असे तपासले.

विमानाचे पंखेही साखळी आणि दातेरी चक्रांनी फिरत होते. उड्डाणाच्या लाकडी रुळावरून विमान सरकलं तेही सायकलच्या हबवर.

त्याच वेळी सॅम्युअल लँग्ली या नामवंत शास्त्रज्ञाला सरकारने ५०,००० डॉलर दिले होते. ८ डिसेंबर १९०३ ला त्यांचं विमान पोटोमॅक नदीत कोसळलं. नऊ दिवसांनी किटी हॉकला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला आणि त्याच दिवशी विल्बर ५९ सेकंद, ८५२ फूट. भावांचा एकूण खर्च हजार डॉलरच्या आत.

विल्बरची शेवटची वर्षं मात्र पेटंटच्या खटल्यांत गेली. वकील, कोर्ट, प्रवास. नवीन काही बांधणं मागेच पडलं. ३० मे १९१२ रोजी टायफॉइडने तो गेला. वय होतं ४५.